व्हॅनच्या मागचा हूक

मी, शिडं शिवणारी बाई, वय एकाहत्तर, शिक्षण सातवी, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं जागेवर आहे. कोणी माझा हात धरलेला नाही, कोणी दम दिलेला नाही. ह्याआधी कुठे काही लिहिलं असेल तर ते रद्द समजायचं. वकिलाने नमुना म्हणून चार पानं दिली होती, पहिल्या पानातच मला झोप आली. त्यातलं कामाचं तेवढं घेतलं, बाकीच्याने माशा मारते.

छातीचा डॉक्टर म्हणाला, पुढचा उन्हाळा धरू नका. मी म्हटलं, बरं. तो लगेच पाण्याचा ग्लास घेऊन उठला. पाणी कशाला? मी काय पळत आले होते का?

कलम एक. घर. दोन खोल्या आणि मागची शिवणाची लांब खोली माझ्या मुलीची, धाकटीची. वाटा मागायला दुसरं कोणी उरलेलं नाही. मागच्या खोलीचं छप्पर पश्चिमेच्या कोपऱ्यात गळतं. तिथली बादली हलवू नये.

कलम दोन. मोठं मशीन, तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा, तिन्ही कात्र्या आणि मेणाचा गोळा माझ्याकडे काम शिकलेल्या बाईला द्यावा. ती टाके सरळ घालते आणि तोंड बंद ठेवते. मोठ्या कात्रीने कागद कापलेला दिसला तर मात्र मी परत येईन.

कलम तीन. बँकेत जे आहे त्यातून आधी माझं शेवटचं उरकावं. गाडी, लाकडं, संपलं. हार नकोत, बाजा नको, माझं कसं चांगलं होतं ह्यावर कोणी उभं राहून बोलायचं नाही. उरलेलं कुठे लावायचं ते कलम सातमध्ये आहे.

कलम चार. तलावावरच्या क्लबात माझ्या मुलाच्या, थोरल्याच्या नावाने चषक देतात. त्यावर ‘शिस्तप्रिय खेळाडू’ असं कोरलंय. तो जन्मात कधी वेळेवर उठला नाही. ओले कपडे माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर टाकायचा. चषक बंद करा असं मी तीनदा सांगून आले, तीनदा त्यांनी मला चहा पाजला. आता लिहून देते. आमच्या घरचं नाव त्या भांड्यावरून खरवडून काढा. काही ठेवायचंच असेल तर दुसरी बचावबोट ठेवा.

कलम पाच. ट्रेलर. बोटी वाहून न्यायचा लोखंडी ट्रेलर, एकावर एक दोन डिंग्या, म्हणजे छोट्या शिडाच्या होड्या, बसतात असा, चाकं नवी, तो माझ्या धाकट्या दिरांना द्यावा. भाऊजींना. हे वाचून धाकटी म्हणेल, आईचं डोकं फिरलं. म्हणून कारण लिहिते, आणि सरळ लिहिते.

सव्वीस वर्षांपूर्वी थोरला एकोणीसचा होता, धाकटी सोळाची. दोघं एका डिंगीत बसायची. ती सुकाणूवर, तो वजनदार म्हणून कंबरेला पट्टा बांधून, पट्ट्याचा हूक दोराला लावून बोटीबाहेर लटकायचा. शिडं माझ्या हातची. त्या वर्षी एकाच आठवड्यात दोन शर्यती आल्या. एक समुद्रावर, अकरा तासांच्या वाटेवर. एक इथल्या तलावावर, चाळीस मिनिटांत पोचा आणि रात्री घरी येऊन झोपा. पोरांना समुद्र हवा होता. तिकडे मोठ्या संघाची निवड करणारे येणार होते.

लांबच्या शर्यतीचं आमचं गणित नेहमी एकच असायचं. ट्रेलरवर दोन घरांच्या दोन बोटी, गाडीभाडं अर्धं अर्धं. शेजारचे औषधवाले आणि आम्ही. बुधवारी त्यांच्या पोराला ताप भरला. अर्धं भाडं गेलं. गुरुवारी सकाळी मी भाऊजींना फोन केला. त्यांची सामानाची व्हॅन होती.

“न्या की, वहिनी,” ते म्हणाले. “नाहीतर मीच चालवतो. तुम्ही फक्त डिझेल टाका.”

मी पुठ्ठा घेतला आणि मांडलं. डिझेल, रस्त्याचे नाके, दोन रात्रींची खोली, चार माणसांचं बाहेरचं जेवण, नोंदणीची फी. खाली तलावाचं मांडलं. तलावाचा आकडा पाचव्या हिश्श्यालाही पोचत नव्हता. ह्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. भाऊजी दर महिन्याला किराणा आणून टाकायचे, मला आणखी उपकार नको होते. मी परत फोन करून सांगितलं, राहू द्या.

पोरं दुपारी आली. समुद्र रद्द म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत डोकं खाल्लं असतं, आणि मला दुसऱ्या दिवशी चार शिडं द्यायची होती. मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, “काका नाही म्हणाले. व्हॅन लागणार आहे त्यांना.”

थोरला म्हणाला, “काका? नाही म्हणाले?”

“हो म्हटलं ना. जा, हातपाय धू.”

एवढंच. ह्यापेक्षा मोठ्या थापा मी गिऱ्हाइकांना रोज मारते.

रविवारी तलावावर दुपारी डोंगरावरून वारा उतरला. बोट आडवी झाली आणि मग पूर्ण पालथी पडली. थोरल्याच्या पट्ट्याचा हूक दोरात अडकला, वर माझं शीड. चाळीस बोटींना एकच बचावबोट होती आणि ती पलीकडच्या टोकाला दुसऱ्या कुणाला ओढत होती. धाकटी बुडी मारून मारून दोर सोडवत होती. तिची नखं निघाली होती. पोरी, सुकाणू तुझ्या हातात होतं म्हणून तू स्वतःला खात राहिलीस, मला माहीत आहे. त्या वाऱ्यात सुकाणू कोणाच्याही हातात असतं तरी तेच झालं असतं. मी सगळं मोजलं होतं. नाक्याचे सुटे पैसेसुद्धा मोजले होते. बचावबोटी किती, हे विचारलं नाही.

थोरला वर आला तो गेलेलाच. त्याला न्यायला भाऊजी व्हॅन घेऊन आले. त्यांनी गाडी वळवली तेव्हा मला मागची बाजू दिसली. खाली ट्रेलर ओढायचा हूक होता. कोरा, रंगसुद्धा न लावलेला, वेल्डिंगचे डाग तसेच. गुरुवारी फोन ठेवल्या ठेवल्या ते वेल्डरकडे गेले होते. माझं ‘राहू द्या’ येईपर्यंत हूक बसून झाला होता. तो तिथे का आहे, हे त्या गर्दीत फक्त आम्हा दोघांना कळत होतं.

आणि धाकटी सगळ्यांसमोर त्यांच्या अंगावर धावून गेली. “काका, एक व्हॅन दिली असती तर काय झिजली असती तुमची?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

ते म्हणाले, “चुकलं, पोरी.”

मग कोणीतरी त्यांना व्हॅन फाटकाबाहेर लावायला सांगितली, आणि ते बाहेरच थांबले.

महिन्याने ते एकदाच आले, ह्याच खोलीत. उभ्या उभ्या बोलले. “वहिनी, तुम्ही पोरांना असं सांगितलंत?” मी मशीन चालू ठेवलं. ते दाराकडे वळले. मग म्हणाले, “असू दे. तिला आता तुम्ही एकट्याच आहात. तुमच्यावरून मन उडालं तर ती जाणार कुठे? मी काय, असलो काय, नसलो काय.” आणि गेले. त्यानंतर धाकटीच्या लग्नाला त्यांना बोलावणं गेलं नाही. माझ्या जाऊबाई, धाकटीच्या काकू वारल्या तेव्हाही आमच्या घरातून कोणी गेलं नाही. बाजारात ते दिसले की धाकटी रस्ता ओलांडून पलीकडे होते. ते दुकानामागच्या एका खोलीत राहतात, स्वतःचं स्वतः रांधून खातात. व्हॅन विकलेली नाही. त्या हुकाने आजवर काहीही ओढलेलं नाही.

म्हणून ट्रेलर त्यांना. सव्वीस वर्षं ह्याची भरपाई होत नाही, हे मला कळतं. मी सातवी शिकले असले तरी एवढं कळतं.

कलम सहा. कपाटाच्या वरच्या फळीवर, चहाच्या जुन्या डब्यात तो पुठ्ठा आहे. दोन्ही शर्यतींची बेरीज माझ्या अक्षरात आहे आणि कोपऱ्यात लिहिलंय, ‘भाऊजी, व्हॅन, फक्त डिझेल’. तो धाकटीने घ्यावा. फाडायचा तर फाड, पण आधी वाच.

कलम सात. थोरला गेल्यावर धाकटी दहा वर्षं पाण्याकडे फिरकली नाही. पण तिची पोर, माझी नात भिंगरी, हिला कोण अडवणार? चौदा वर्षांची आहे आणि मामावर गेली आहे, उशिराच उठते. गेल्या आठवड्यात धाकटीचा फोन आला.

“आई, पुन्हा एकाच तारखांना दोन आल्यात. एक जवळ, एक लांब. तुझा हिशोब पक्का असतो, मांडून दे ना.”

मी विचारलं, लांबचीला गाडीचं काय?

“भाड्याची बघते. परवडली तर परवडली. ‘त्यांच्या’ दारात तर मी मेले तरी जाणार नाही.”

मी म्हटलं, मांडते. पुठ्ठा घेतला आणि पेन हलेना. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही क्लबांना फोन केले. जवळचीला छत्तीस बोटींमागे बचावबोट एक. मला म्हणे, “आजी, काळजी करू नका, आजवर काही झालं नाही.” मी फोन ठेवला. लांबचीला पन्नास बोटींमागे सहा बोटी, एक डॉक्टर, आणि वारा एका हद्दीच्या वर गेला की शर्यत बंद.

बँकेतलं उरलेलं सगळं भिंगरीच्या येण्याजाण्याला लावावं. शर्यत जवळची असो, लांबची असो, आधी फोन करून बचावबोटी विचारायच्या. दहा बोटींमागे एकसुद्धा नसेल तर घरी बसायचं, मग कितीही स्वस्त असू दे, फुकट असू दे. भाडं किती हे त्यानंतर विचारायचं.

इथे मी संपवणार होते. सही करायला औषधवाल्यांना आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना बोलावलं. साक्षीदाराने वाचायची गरज नसते, पण औषधवाले बसून सगळं वाचत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, “ताई, मी इतकी वर्षं समजत होतो, माझ्या पोराच्या तापाने हे झालं. त्याच्याशीही नीट बोललो नाही मी.”

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, चुकलं.

त्यांनी विचारलं, “आणि हे कधी वाचायचं? तुमच्या माघारी?”

“मृत्युपत्र आहे ते. मग कधी वाचणार?”

“म्हणजे पोरीने भांडायचं कोणाशी? फोटोशी?”

नर्सबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा आला. भाऊजी शहात्तर वर्षांचे आहेत, ते तरी माझ्या मरणापर्यंत टिकतील कशावरून? आणि भिंगरीच्या शर्यतीची नोंदणी नऊ दिवसांनी बंद होते.

म्हणून कलम आठ. हे मृत्युपत्र माझ्या जिवंतपणी, येत्या रविवारी सकाळी अकराला, ह्याच टेबलाशी वाचलं जाईल. मी स्वतः मोठ्याने वाचणार. धाकटीला आणि भाऊजींना, दोघांनाही बोलावलं आहे. एकमेकांचं सांगितलेलं नाही. ही माझी शेवटची थाप. खुर्च्या तीन मांडल्या आहेत. डबा खाली काढून टेबलावर ठेवला आहे. ट्रेलरची चाकं भरून घेतली आहेत.

वाचता वाचता कोणी मध्येच उठून गेलं, परत कधी आलं नाही, माझ्या शेवटालाही आलं नाही, तरी वरच्यातलं एकही कलम बदलायचं नाही. त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावायचा नाही. माझ्यामुळे एकदा लावून झाला आहे, तेवढा पुरे.

ठिकाण: शिवणाची खोली, मोठं टेबल.
दिनांक: नोंदणी बंद व्हायला नऊ दिवस, रविवार यायला दोन.

सही: शिडंवाली, थोरल्याची आणि धाकटीची आई

आमच्यासमोर बाईंनी स्वतःच्या हाताने सही केली.
साक्षीदार एक: शेजारचे औषधवाले (वाचून सही केली)
साक्षीदार दोन: खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई (रविवारी अकराला घरीच आहे, हाक मारली तर वर येईन)