तत्सम

१२ फेब्रुवारी

ती. मामांना,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

उत्तर लाँड्रीवरच्या खोलीच्या पत्त्यावर पाठवा, मी कुठे असेन सांगता येत नाही. सध्या रस्त्यांवर पांढरे पट्टे मारतो. रंग आधी वितळवतात, ओतला की त्यावर काचेचे बारीक मणी भुरभुरतात. म्हणून गाडीचा दिवा पडला की पट्टा चमकतो. मला इतकी वर्षं वाटायचं, रंगच तसा असेल. असो, सांगायचं दुसरंच होतं.

काल मुकादमाच्या ट्रकमध्ये रेडिओ चालू होता. बातम्यांत शिक्षणमंत्री म्हणून तुमचं नाव आलं, म्हणून मी मशीन बंद केलं. तुम्ही पत्रकारांना बोलावून सांगितलंत की आयुष्यभर लपवलं, आता लपवणार नाही, मीही तत्समच आहे. पत्रकार हसले, मग टाळ्या पडल्या. मुकादम म्हणाला, म्हातारा जिगरबाज निघाला. हा माझा मामा, असं मी त्याला बोललो नाही.

मामा, बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आईच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तुम्ही एकटे व्हायोलिनवाल्याकडे. तो फोटो मी लहानपणापासून बघतोय.

पण शब्द तुम्ही तोच वापरलात. कायदा तुम्हीच लिहिलात : अनैतिक व तत्सम संबंध असलेल्या व्यक्तीला शाळेत शिकवता येणार नाही. मी ज्याच्याबरोबर राहतो तो मास्तर (नुसता राहत नाही, हे आईने तुमच्या कानावर घातलंच आहे) त्या तत्समात गेला. गणित शिकवायचा. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की तुमच्याबद्दल तक्रार काही नाही, पण कायद्यात तत्सम आहे आणि तुम्ही मला तत्सम वाटता. आता तो खालच्या लाँड्रीत इस्त्री करतो. गल्लीतली पोरं त्याला तत्सम सर म्हणून हाक मारतात. त्याच शब्दावर तुम्ही टाळ्या घेतल्यात.

मी शाळेत कच्चाच, पण सुट्टीत तुम्ही घोकून घेतलेलं व्याकरण डोक्यात राहिलंय. जसा आला तसाच राहिला तो तत्सम, वाटेत बदलला तो तद्भव. तुम्ही यातले कोण, तेवढं कळवा.

आईची सर्दी बरी आहे. लोभ आहे, पण सध्या रुसून बसलाय.

तुमचा,
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अ. आ.

पाय एका जागी ठरत नाही म्हणून तुला हे नाव मीच ठेवलं, पण अक्षरही इतकं पळेल असं वाटलं नव्हतं. लाल शाईचं पेन हातात घेऊन परत ठेवलं.

अभिनंदनाची पत्रं आली, शिव्यांची अधिक आली. उत्तर तुला एकट्यालाच लिहितो आहे. तुझी आई फोनवर एवढंच म्हणाली की ती चौथीत असल्यापासून तिला माहीत होतं, आणि मी काय जेवलो ते विचारलं.

पक्षाचा निरोप असा, की झालं ते झालं, आता गप्प बसा, मुदत संपेपर्यंत खुर्ची तुमचीच. विरोधकांनी तो कायदा रद्द करण्याचा ठराव आणलाय, पुढच्या महिन्यात सभागृहात येईल. त्या दिवशी माझी तब्येत बिघडावी अशी सगळ्यांची इच्छा आहे. माझे डॉक्टरही त्याच पक्षाचे.

भिंगरी, या वयात एवढं बोललो, ते पुरे नाही का? कोणाला इस्त्री करायला लावा, असं मी लिहिलं नव्हतं. तत्सम हा सभ्य शब्द आहे, म्हणून निवडला. मास्तरांना माझा नमस्कार सांग, ते घेणार असतील तर.

कुठेही असलास तरी लोभ माझ्याकडे ठेवून जात जा.

तुझा,
मामा


१ मार्च

ती. मामांना, सा. न. वि. वि.

मास्तरला नमस्कार सांगितला. तो म्हणाला, ठेव तिथे टेबलावर, नंतर बघतो.

शर्टाला इस्त्री करताना तो कॉलर आधी करतो, बाह्या नंतर, पाठ सगळ्यात शेवटी. मी विचारलं असं का, तर त्याने मला भूमितीच शिकवायला घेतली. लाँड्रीची मालकीणसुद्धा ऐकत उभी राहिली आणि कोणाचा तरी कोट करपला. शिकवायचा त्याचा हात अजून गेलेला नाही, हे मला म्हणायचंय.

तुम्ही म्हणता, सभ्य शब्द. मला पटत नाही. कायदा मांडताना तुमचं भाषण आम्ही दोघांनी रेडिओवर ऐकलं होतं. इतकं बोललात, पण ज्याबद्दल बोलत होतात तो शब्द एकदाही तोंडातून आला नाही. परवा स्वतःबद्दल सांगतानाही नाही. मला वाटतं, तो उच्चारला असता तर तुमचा आवाज कापला असता, म्हणून तुम्ही तत्सम शोधून काढलात. पण त्याला काठच नाही. ज्याला जो नकोसा झाला त्याने त्याला त्यात ढकलला. मास्तरच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई गेल्या. का, तर लग्न केलं नाही आणि केस बारीक ठेवतात.

ठरावाच्या दिवशी तुमचे लोक म्हणतील, साधा शब्द आहे, असू द्या. तो का घातला हे लिहिणाराच सांगू शकतो. तेव्हा तब्येत सांभाळा आणि जा. नवीन वर्ग भरायच्या आत कायदा गेला, तर मास्तरला परत घ्यावंच लागेल.

नाही गेलात तरी मामाच राहाल. पण मग या खोलीत तुमचं नाव मी काढणार नाही. आणि मला या खोलीत राहायचंय. मास्तरकडे मी दोनदा परत आलोय. मी कुठे परत जात नसतो, हे तुम्हाला माहीत आहे.

लोभ दारात उभा आहे, आत घ्यायचा का ते तुम्ही ठरवा.

भिंगरी


२७ मार्च

चि. भिंगरीस, अ. आ.

काल बोललो.

आमच्याच एका सदस्याने तत्सम हा शब्द किती निरुपद्रवी आहे ते शब्दकोश काढून वाचून दाखवलं. मग मी उभा राहिलो. म्हटलं, शब्द माझा आहे, त्याचा अर्थ मला विचारा. समलिंगी म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं, कारण तो मी होतो. आडोसा हवा म्हणून हा शब्द रचला. आडोशाला मी बसलो आणि दुसऱ्यांना उघड्यावर काढलं. एका गणिताच्या मास्तरांबद्दल सांगितलं, भूगोलाच्या बाईंबद्दलही.

आवाज कापला नाही, घोगरा झाला. शेजारच्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. ठराव थोडक्या मतांनी पास झाला. आमच्या बाजूची काही मतं फुटली.

आज सकाळी पक्षाने राजीनामा घेतला. दालनाच्या दारावरची पाटी शिपाई काढत होता, स्टूल डगमगत होतं म्हणून मी धरलं. त्याने संकोचून मला बाजूला व्हायला सांगितलं. मी म्हटलं, आता मला दुसरं काम नाही.

मास्तरांची माफी समोर येऊन मागायची आहे. चालेल का, विचार. नको म्हणाले तरी तसं स्पष्ट कळव, मला आता मोघम शब्द नकोत.

लोभाची मागणी करायचा हक्क या पत्रापुरता बाजूला ठेवतो.

तुझा,
मामा


९ एप्रिल

ती. मामांना, सा. न. वि. वि.

शाळेचं बोलावणं आलं. मास्तर सोमवारी रुजू होतोय, भूगोलाच्या बाईही. लाँड्रीची मालकीण तेव्हापासून फुगून आहे, कॉलरी कोण करणार म्हणून.

मुकादमाला सांगून टाकलं की तो माझा मामा. तो म्हणाला, आधी बोलला असतास तर मशीन बंद केल्याबद्दल झापलं नसतं.

तुमचं पत्र मास्तरला वाचून दाखवलं. स्टुलाच्या ओळीला हसला, मग एकच शर्ट बराच वेळ उलटसुलट करत राहिला. म्हणाला की माफीचं मला अजून ठरवता येत नाही आणि त्यांनी त्यासाठी ताटकळू नये. पण जेवायला यायला माफी लागत नाही, असंही म्हणाला. तर रविवारी या. जिना अरुंद आहे आणि वाफेने भिंती ओल्या असतात, चांगला कोट घालू नका.

लोभाचं समोरासमोर बोलू.

तुमचा,
भिंगरी

ता. क. खोलीत खुर्च्या दोनच आहेत. तुमची गेल्याचं कळलंच. तिसरी मी शनिवारी आणतो.