उजवीकडच्या रकान्यात तुम्ही

अहो,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायचं असतं, हे मला कळतं. आज ते लिहवत नाही, म्हणून नुसतंच ‘अहो’. अडतीस वर्षं तेवढ्यावरच तर चाललं आपलं.

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. इतके दिवस मनातल्या मनात बोलून भागत होतं. पण काल विवेककडं गेले होते, आणि तिथं जे पाहिलं त्यानं माझं डोकं फिरलंय. मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही समोर नाही, मग कागदावरच भांडते.

आपल्या लेकाच्या फ्रिजवर एक पांढरा बोर्ड आहे. मधोमध उभी रेघ. डावीकडं लिहिलंय ‘आणायचंच’, उजवीकडं ‘थांबेल’. तुमचीच पद्धत, तुमचेच शब्द. आधी मला कौतुकच वाटलं. मग उजवीकडची तिसरी ओळ वाचली. ‘बीपीची तपासणी, पुढच्या महिन्यात.’

पल्लवी चहा गाळत होती. तिला विचारलं तर म्हणाली, “आई, कंपनीच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. चक्कर येते यांना. पण ऐकतच नाहीत. म्हणतात, बाबांना कधी डॉक्टर लागला का? चांगले हिंडतेफिरते होते, एका दिवसात गेले. आता तुम्हीच सांगा ना यांना.”

मी कप घेतला. सुनेच्या तोंडाकडं बघवेना. कारण तुम्ही एका दिवसात गेला नाहीत, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

तुमच्या काटकसरीचा मला राग कधीच नव्हता, हे आधी सांगते. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, कुठल्या चिक्कू माणसाच्या पदरात पडले! वाळूजला कारखान्याच्या स्टोअरमध्ये दिवसभर माल मोजायचा आणि घरी येऊन साबणाच्या चिपट्या नव्या वडीला चिकटवायच्या. टूथपेस्टच्या ट्यूबवर लाटणं फिरवायचं. भात कुकरमध्ये लावला की तिसऱ्या शिट्टीच्या आत गॅस बंद, पुढचं काम वाफ करते म्हणे. औरंगपुऱ्यात जायचं तर तीन कामं साठल्याशिवाय स्कूटर बाहेर काढायची नाही. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुंड्यांना जायचं. ते पाणी मोरीत ओतताना मला एकदाच पकडलंत. नुसतं कुंडीतल्या कढीपत्त्याकडं बघितलंत. पुन्हा माझी हिंमत झाली नाही.

आणि ती यादी! लोकांकडून आलेल्या लग्नपत्रिका तुम्ही पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचात. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर महिन्याची यादी व्हायची. घरात कुणालाही काही हवं असलं की आधी ते उजवीकडं लिहायचं आणि तीन रविवार थांबायचं. तिसऱ्या रविवारी तुम्ही विचारणार, “अजून पाहिजे का?” व्हय म्हटलं तर ती वस्तू डावीकडं येणार, नाय म्हटलं तर काट मारायची. माझा ओव्हन असाच काटला गेला. खरं सांगते, तिसऱ्या रविवारी मला तो नकोसाच झाला होता. विवेकची गिअरची सायकल मात्र टिकली, आणि तुम्ही ती कुरकुर न करता आणलीत. अशा घरात जगायला मजा यायची हो. आपण गरीब आहोत असं कधी वाटलं नाही, आपण हुशार आहोत असं वाटायचं.

एक गोष्ट तेवढी यादीच्या बाहेर होती. विवेक सातवीत असताना त्याच्या पोटात दुखायला लागलं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत बघू, ओव्याचं पाणी देते. तुम्ही माझ्यावर केवढ्यानं ओरडलात. “दुखणं यादीत घालायचं नस्तंय! चल, उठ.” भाडं न ठरवता रिक्षात बसलेलं तुम्हाला मी तेवढं एकदाच बघितलं. अपेंडिक्स निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. त्या दिवसापासून मी डोळे मिटून तुमच्यावर विश्वास ठेवला. हा माणूस कुठं हात आखडायचा आणि कुठं नाही, हे जाणतो असं मला वाटलं.

म्हणून तर तुमचं सोंग माझ्या लक्षात आलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी यादीसाठी कोरी पत्रिका शोधत होते. डब्याच्या तळाशी रबर लावलेल्या चार पत्रिका सापडल्या. मार्च, एप्रिल, मे, जून. अक्षर तुमचं. चारही पत्रिकांवर उजवीकडच्या रकान्यात पहिली ओळ तीच. ‘अँजिओग्राफी. डॉक्टर म्हणाले, उशीर नको.’ आणि पुढं बारीक अक्षरात कारण. मार्चला ‘पल्लवीचं बाळंतपण होऊ दे.’ एप्रिलला ‘विवेकच्या फ्लॅटचं आटपू दे.’ मे महिन्याला ‘ऊन कमी होऊ दे.’ जूनला कारणसुद्धा लिहिलं नव्हतं.

डावीकडं काय होतं ते सांगू? कूलरचं गवत. बाळाची दुपटी. सुमनचा चष्मा, ‘चांगल्या काचेचा’. माझा चष्मा डावीकडं आणि तुम्ही स्वतः उजवीकडं! त्याच चष्म्यातून मी ते वाचत होते. तो काढून भिंतीवर आपटावासा वाटला. आपटला नाही. तुमच्याच हाताखाली तयार झालेय ना.

मार्चमधला तो दिवस मला लख्ख आठवतो. छातीत जळजळतं म्हणून डॉक्टरांना दाखवून तुम्ही औरंगपुऱ्यातून आलात, पिशवीत मेथीच्या दोन जुड्या. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? चप्पल काढता काढता तुम्ही म्हणालात, “काय नाय, गॅस हाय. लई तिखट खाऊ नका म्हणले.” माझ्या डोळ्यात बघून म्हणालात. आणि मी मूर्ख, रिपोर्ट कुठंय हेसुद्धा विचारलं नाही. मेथी कोवळी निघाली म्हणून खूश झाले.

तेव्हापासून चार महिने मी तुमच्यासाठी ओवा भाजत होते. तुम्ही छातीवर हात फिरवला की मी ओवा आणि काळं मीठ तळहातावर ठेवायची. तुम्ही ते चावायचात, पाणी प्यायचात आणि म्हणायचात, “आता बरं वाटतंय बघ.” मला मोठं समाधान वाटायचं. माझ्या हातून तुम्ही ते कसं काय खात होता? एकदाही तुमची जीभ अडखळली नाही? उपास, मीठ, तेल, सगळं मी सांभाळत होते, आणि सांभाळायचं होतं ते तुम्ही डब्यात घालून ठेवलं होतंत.

जुलैत, भरदुपारी, ताटावर बसलेले असताना गेलात. फुलंब्रीहून तुमचे भाऊ आले. म्हणाले, “वहिनी, भाग्याचा माणूस. कुणाला तरास नाय दिला.” मीसुद्धा वर्षभर हेच सांगत फिरले. अचानक गेले हो, कळलंच नाही काही. लोक मान हलवायचे. मला वाटायचं, निदान आपल्यात लपवाछपवी तरी नव्हती.

पैसे नव्हते म्हणून केलंत म्हणावं तर तसंही नाही. बँकेत ठेव होती. आता ती माझ्या नावावर झालीय. बँकेतली मुलगी म्हणाली, काकांनी तुमची छान सोय करून ठेवलीय. मला तिथंच ओरडावंसं वाटलं, की मला विचारलं होतं का कुणी? मला ठेव हवी होती की माणूस, हे एका तरी रविवारी विचारायचं होतंत. सगळ्यांना विचारायचात. माझं उत्तर तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच नाही विचारलंत.

त्या पत्रिका सापडल्या तेव्हा मी कुणाला बोलले नाही. तुमचं नाव राखायचं म्हणून त्या पुन्हा रबर लावून आत ठेवल्या. विवेक तुम्हाला फार मानतो. बाबा कधी खोटं बोलले नाहीत, असं तो चारचौघांत सांगतो. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं. म्हणजे तुम्ही मला फसवलंत आणि वर तुमच्या खोटेपणात भागीदारही करून घेतलंत. दोन महिने मी तुमची बाजू सांभाळत बसले आणि तिकडं माझा पोरगा चक्कर अंगावर काढत होता. हे मी तुम्हाला माफ करू शकत नाही. स्वतःलाही नाही.

सकाळी विवेकला फोन केला. म्हटलं, चार वाजता ये, आणि डॉक्टरांची वेळ साडेपाचची घेतलीय, मी सोबत येणार. हसला. “आई, तीन रविवार तरी होऊ दे,” म्हणाला. अगदी तुमच्यासारखा हसला हो. म्हटलं, रविवार-बिविवार काही नाही, चार म्हणजे चार.

आता साडेतीन झालेत. त्या चारही पत्रिका टेबलावर काढून ठेवल्यात. तो आला की मी त्याला एकेक वाचायला लावणार. तुझे बाबा अचानक गेले नाहीत, त्यांना माहीत होतं, ते माझ्याशी खोटं बोलले, असं सरळ सांगणार. अडतीस वर्षांत तुमच्याविरुद्ध मी घराबाहेर शब्द काढला नाही, लेकासमोर तर नाहीच. आज काढणार आहे. हे तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलं, तुमच्यासारखं मागून करायचं नाही मला.

त्याच्या मनातून तुम्ही उतराल, हे मला कळतंय. तो रडेल, तुमच्यावर चिडेल, कदाचित पुढची कितीतरी वर्षं चिडलेला राहील. राहू दे. तेवढी वर्षं त्याला मिळावीत, एवढंच मी बघणार आहे. हे माझं वचन.

तुमच्यावर अजूनही रागावलेली,
सुमन