पुढे झुकलेली खुर्ची

३ मार्च, सोमवार

घरात आणखी एक नमुना आला! सूनबाईने स्वतः आखलेली खुर्ची. आधीच जेवायचं टेबल छताला तारांनी टांगलेलं, कपाटांना मुठी नाहीत, सोफा म्हणजे नदीतला धोंडा. आता ही – पुढचे पाय आखूड, मागचे उंच. बसणारा थेट दाराकडे घसरणार. नको असलेले पाहुणे घालवायची सोय असावी.

"बसून तरी बघा," म्हणाली. मी म्हटलं, तोंडात सहा दात उरलेत, ते राहू दे.

चाळीस वर्षं सुतारकी केली. असली खुर्ची दिली असती, तर गिऱ्हाइकाने माझ्याच डोक्यात घातली असती.

५ मार्च, बुधवार

टेबल झुललं. चहा मांडीवर. आधुनिक राहणी!

७ मार्च, शुक्रवार

धोंड्यावर बसलो तो बसलोच. ऑपरेशन झाल्यापासून उठताना गुडघा दगा देतो. चिरंजीवांना तीन हाका मारल्या, ते फोनवर. शेवटी आले, बगलेत हात घालून पोत्यासारखं उचललं. दिवसातून दहा वेळा हेच. लाज वाटते, दुसरं काय.

सूनबाईने गेल्या महिन्यात पायजम्याचं माप घेतलं होतं – तेही जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच! पायजम्याचा पत्ता नाही. शिंपीही हिच्याच पंथातला दिसतो.

९ मार्च, रविवार

सूनबाईने खुर्ची कसल्याशा स्पर्धेत उतरवलीय; परीक्षक मंगळवारी ती बघायला घरी येणार. पहिली आली तर कारखाना तशा खुर्च्या बनवणार म्हणे. दोन वर्षं राबतेय पोरगी. आज जेवलीही नाही नीट.

ती आंघोळीला गेली तेव्हा खुर्चीवर पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा पार टोकाला! मी समजत होतो हिची फॅशन; पण बनवणाऱ्या कारागिरानेच पाय चुकीचे कापले असणार आणि हिला कळलंसुद्धा नाही. परक्यांसमोर हसं होणार हिचं. मी घरात असताना? ते होऊ द्यायचं नाही.

१० मार्च, सोमवार

ती कामाला गेल्यावर पुढच्या पायांखाली सागाचे दोन ठोकळे बसवले. चिकटवून, वर स्क्रू. बुडबुडा बरोबर मधोमध. हात अजून शाबूत आहे म्हाताऱ्याचा! शाबासकीची वाट बघत बसलो.

संध्याकाळी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. जमिनीवर बसून ठोकळ्यांवरून हात फिरवला. कुणी केलं, हे विचारायची गरजच नव्हती.

"बाबा, ही बसायसाठी नाही केली. उठायसाठी केलीय."

एवढं बोलून आत गेली. चिरंजीव माझ्याकडे बघेनात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण खुर्ची उठायसाठी म्हणजे काय, ते काही डोक्यात शिरलं नाही.

११ मार्च, मंगळवार

सकाळी सगळ्यांच्या आधी ठोकळे काढले, पाय घासून साफ केले. बसलो. जरा पुढे झुकलो – आणि उभा! कुणाला हाक मारली नाही. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. पाच वेळा.

खुर्चीचा नकाशा टेबलावर होता. कोपऱ्यात तिच्या अक्षरात: 'बाबा, गुडघ्यापर्यंत साडेअठरा इंच.'

परीक्षक अकराला येतील. त्यांना उठून दाखवायला मीच बसणार आहे.

पायजमा काही येत नाही आता.