अर्ध्या भोपळ्याच्या दोन ओळी

रवि., १२ ऑक्टो.
कापणीचा सण छान झाला. वेदीपुढं बाजरीची कणसं, ओल्या शेंगा, लिंबं, दोन गावरान कोंबड्या. एक सुटली ती थेट पाळकसाहेबांच्या झग्याखाली. यंदाही प्रत्येक घराचं दान मीच पुकारलं, आणि दर दानाला माझ्या दोन ओळी. रिटायर व्हायच्या आधीपासूनची माझी ही रीत. लोक ओळींची वाट बघतात.

सुधाकरची मार्था अर्धा भोपळा घेऊन आली, पदराखाली झाकून. मला जागच्या जागी सुचलं –

मार्थाबाईनं केली देवाशी वाटणी,
अर्धा देवाला, अर्ध्याची चटणी.

केवढा हशा. मागून कुणीतरी म्हणालं, “गुरुजी, दानातलं अर्धं लपवणाऱ्या बायबलातल्या त्या नवराबायकोचं काय झालं, ते बी सांगा की.” मी म्हणालो, “आधी नवरा मरून पडला, मग बायको. सुधाकर, जपून रे ट्रॅक्टरवर.” पुन्हा हशा.

शाळेत कविता शिकवताना वर्ग असाच डोलायचा. खूप वर्षांनी तसं वाटलं.
घरी येताना कुसुम वाटेत बोलली नाही. गुडघा दुखत असेल.

सोम., १३
गुडघा नाही. आज सकाळी चहा ठेवताना म्हणाली, “मार्था काल न जेवता गेली. तुमी बगितलं का?”
बघितलं नव्हतं. उपासनेनंतरच्या जेवणात भात वाढायला मीच होतो, तरी.
संध्याकाळी मार्थाची प्रिती पाठांतराला आली नाही. पहिल्यांदाच.

मंगळ., १४
पिठाच्या गिरणीवर सुधाकर भेटला. माझाच विद्यार्थी, चौथीला माझ्या वर्गात होता. मान खाली घालून म्हणाला, “गुरुजी, प्रितीचं राहू द्या. आमच्या संगंच नेतो तिला.”
मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. दोन महिने झाले हे ठरून. मार्था-सुधाकर टोळीबरोबर ऊसतोडीला जाणार, उन्हाळ्यात परतणार. तोवर पोरगी आमच्याकडं राहील, इथल्या शाळेत जाईल, रात्री कुसुमआजीजवळ झोपेल. गेल्या साली नेली होती तर अर्धं वर्ष उसाच्या फडातच गेलं; वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा केले, धाकट्याला सांभाळलं. परत आली तेव्हा पाढे विसरलेली. यंदा चौथी.
“कावून रे?”
“तिची आई म्हणते, मरायचंच हाय तर सगळे एका जागी मरू. पोरगी मागं कावून ठिवायची.”
आधी कळलं नाही. मग कळलं – आधी नवरा, मग बायको. दळण तिथंच विसरून आलो. कु. परत पाठवणार होती, माझा चेहरा बघून स्वतः गेली.

बुध., १५
त्यांच्या घरी गेलतो. मार्थानं पाट दिला, पाणी दिलं, चहा दिला, आणि चुलीकडं तोंड करून बसली. तिची सासू, अंध झालेली म्हातारी, दारातूनच म्हणाली, “शबूद टाकलात गुरुजी. तोंडातनं गेला तो गेला.”
मी हसण्यावारी न्यायला बघितलं. म्हणालो, थट्टा होती आजी. मग, काय बुद्धी झाली, समजावायला लागलो. त्या नवराबायकोची गोष्ट मुळात भोपळ्याची नाहीच, ती खोटं बोलण्याची. त्यातून काय घ्यायचं, काय नाही. खडू तेवढा हातात नव्हता.
मार्था शांतपणे म्हणाली, “अकरा वर्सं दर रविवारी तुमच्या शब्बाथशाळेत बसते गुरुजी. तुमी सांगितलं ते समदं खरं धरलं. मंग हेवढंच खोटं कसं धरू?”
चहा तसाच ठेवून उठलो.
तिला राग नाही. राग असता तर बरं. ती भ्यालीय.

गुरु., १६
आज मीही भ्यालो. सकाळी रस्त्यानं रिकामी ट्रॉली गेली, जोडणी खडखडत. मनात आलं, सुधाकरला नेणारी हीच असेल का.
माझ्या शब्दात काही ताकद नाही हे मला ठाऊक आहे. मग ती वळणाआड जाईपर्यंत बघत का उभा राहिलो?
प्रार्थनेला बसलो तर मनात ओळी जुळायला लागल्या. देवापुढंसुद्धा. उठलो.

शुक्र., १७
पाळकसाहेबांना सांगितलं. तरुण माणूस, पण ऐकून घेतो. म्हणाले, शाप वगैरे काही नाही, देव असा कुणाच्या तोंडून फुटकळ निकाल देत नाही. मग म्हणाले – “पण गुरुजी, ती बाई तुमचं तोंड देवाच्या जवळचं समजते. त्याचं तुम्ही काय केलं?”
वयानं माझ्या मुलासारखा. बरोबर बोलला.
रविवारी उपासनेत मला दोन मिनिटं देतो म्हणाले.

माफीची वाक्यं लिहून काढली. चार वेळा. चौथ्या वेळी चांगली झाली.

रवि., १९
चांगली झाली, हाच घोटाळा.
उभा राहिलो, बोललो. जिभेला दुधारी म्हणालो, ठिणगी म्हणालो, करडईच्या रानाची आग म्हणालो. म्हातारे डोळे पुसत होते. बाहेर दोघांनी हात हातात घेतला, काय बोललात गुरुजी.
मार्था आलीच नव्हती.
कु. घरी येऊन पातळाच्या निऱ्या सोडता सोडता म्हणाली, “माफी मागितली का कविता म्हटली?”
दिवसभर तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी बोललो. काय बोलणार, खरं होतं.

सोम., २०
लहानपण आठवत बसलो. कडा गावच्या शाळेत आमचे गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरून कविता म्हणायचे, कौलांतून उन्हाचे कवडसे पडलेले, आम्ही सत्तर पोरं एका सुरात. तेव्हापासून मला वाटत आलं, यमक जुळलं की गोष्ट खरी होते. निदान गोड तरी होते.
वर्गात मीही पोरांवर ओळी करायचो. गळक्या नाकाच्या एकावर केली होती. सगळा वर्ग हसला. तोही हसला होता, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. आज त्याचा चेहरा आठवून बघितला. तो हसत नव्हता. पुढच्या वर्षी शाळेत नव्हता, पण त्याला कारणं दुसरीही असतील. असतील ना.

बुध., २२
पाडवा. मार्थाची शेजारीण पार्वताबाई फराळाचं ताट घेऊन आली. दर वर्षी येते, आणि नाताळात आमचं ताट तिच्याकडं जातं. बसली, करंज्या मोजून ठेवल्या, मग म्हणाली, “गुरुजी, तुमच्या देवळात माज्या भोपळ्याचं काय झालं म्हनं?”
“तुमचा भोपळा?”
“वेल आमच्या दोघींचा. बुड तिच्या दारात, मांडव माज्या पत्र्यावर. औंदा पावसानं समदी फुलं झडली, एकच धरला. तिनं इळीनं मधोमध कापला, आर्धा मला दिला. म्हनली, माज्या वाटचा समदा देवाला नेते. म्या म्हनलं, आगं थोडा कालवणाला ठेव. न्हाई म्हनली.”
कु. माझ्याकडं बघत नव्हती. ताटाकडं बघत होती.
म्हणजे त्या दिवशी वेदीपुढं जे जे आलं, त्यात घरात काही न ठेवता आणलेलं ते एकच. आणि मी त्याच्यावरच.

पार्वताबाई उठताना म्हणाली, “करंजी खावा की. तुमच्यावर कुटं रागावलेय मी.”

गुरु., २३
टोळी शनिवारी निघणार. मुकादमाचा निरोप आला.
आज जायचं होतं, पाय निघाला नाही. देवा, शब्द दे, असं मागत होतो. नंतर लक्षात आलं, शब्दच तर मागतोय पुन्हा.

शुक्र., २४
गेलतो. काही न जुळवता.
मार्था भांडी पोत्यात भरत होती. सुधाकर कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत होता. प्रिती धाकट्याला घेऊन बाहेर खेळत होती. मला बघून आधी आईकडं बघितलं, मग हसली.
उभ्यानंच म्हणालो, “मार्था, मी चुकलो. तू तुझ्या वाटचं सगळं आणलं होतंस. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही. माहीत नसताना चार माणसांत तुला हसलो. सुधाकरला जे बोललो ते देवाचं नव्हतं. ते माझं होतं.”
तिनं आणखी दोन पातेली पोत्यात घातली.
मग म्हणाली, “तुमाला भ्या वाटतं का, गुरुजी?”
“वाटतं.”
“कशाचं?”
“तुम्ही परत येईपर्यंत काही झालं तर, त्याचं.”
तेव्हा माझ्याकडं नीट बघितलं. “मला वाटलं, तुमाला न्हाई वाटत. तुमी बोलून मोकळं झाला.”
सुधाकर म्हणाला, “गुरुजी, मी तर मागल्या साली बी भेत होतो. तवा तुमी कुटं काय बोलला होता?” आणि आपणच हसला. मार्था हसली नाही, पण पोत्याचं तोंड धरायला मला दिलं. मी धरलं, तिनं दोरी आवळली.
प्रितीचं विचारायला गेलो नव्हतो, तरी विचारलं. ती म्हणाली, “आत्ता न्हाई गुरुजी. माझं मन धजत न्हाई.”
बरं म्हणालो. वाटेत रडू आलं. म्हाताऱ्या माणसाचं रडू, नाकातूनच जास्त.

शनि., २५
सकाळी सातला ट्रॅक्टर निघाला. टोळी निघताना प्रार्थना मीच करायचो, ट्रॉलीच्या फळीला हात लावून, दर कुटुंबाचं नाव घेऊन. टोळीत आपली तीन घरं, बाकीची हिंदू. तीही टोप्या काढून उभी राहतात. आज पाळकसाहेबांना म्हणालो, तुम्ही करा. मी हात लावून उभा राहिलो. फळी थंड होती.
प्रिती सरपणाच्या भाऱ्यावर, धाकटा मांडीवर. मार्थानं कु. चे हात धरले. माझ्याकडं मान हलवली, तेवढंच.
धूळ बसेपर्यंत तिथंच उभे होतो. कु. म्हणाली, “चला. म्हातारीला भाकर द्यायचीय.” अंध सासूचं जेवण आता आमच्याकडून. पार्वताबाई सकाळचं बघते, आम्ही संध्याकाळचं.

मंगळ., २८
पोचले. मुकादमाचा फोन आला, कु. ला. कारखान्याच्या तळावर राहायला पाचटाच्या कोप्या घातल्या. पाऊस आहे म्हणे, चिखल फार.
म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, “पोचायचं काय, पोचत्यातच. मागं यायला पायजे.” मी तोंडात येणारं काहीतरी धीराचं, छान, गिळलं. भाकरी कालवून दिली. जेवली. मला म्हणाली, “आज लई गप हायसा.”

रवि., २ नोव्हें.
उपासनेनंतर, सणाला मागून बोललेल्या त्याच गृहस्थानं खांद्यावर हात ठेवला. “काय गुरुजी, नाताळाला ओळी होणार ना? कुणावर करताय?”
म्हणालो, बघू. पूर्वी मी त्याच्यावरच दोन ओळी सोडल्या असत्या. तयार होत्याही. चांगल्या होत्या.

मंगळ., ४
दुपारी स्टँडवर ऐकलं, तिकडं कुठंतरी ऊसतोडीची ट्रॉली उलटली. कुठली, कुणाची, कुणाला माहीत नाही. मोबाईलवर फोटो फिरत होता, उसाच्या मोळ्या आणि एक चप्पल.
मुकादमाचा फोन लागेना. सुधाकरचा बंद. घरी येऊन कु. ला सांगितलं, तिनं हातातलं पीठ तसंच ठेवलं. आम्ही दोघं बाजेवर बसलो. प्रार्थना अशी नाहीच, नुसतं देवा, देवा. मला एकच दिसत होतं – मी वेदीपुढं उभा आहे, हसतो आहे, आणि म्हणतो आहे, सुधाकर, जपून रे.
चारच्या सुमाराला मुकादमाचा फोन लागला. आपली टोळी नाही. सगळे फडात आहेत.
मोकळं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. कुणाची तरी टोळी आहेच. ती चप्पल कुणाची तरी आहेच. त्यांची नावं ठाऊक नाहीत, तशीच देवापुढं ठेवली.
कु. म्हणाली, “तुमच्या शब्दानं ट्रॉली उलटत न्हाई आन् सावरत बी न्हाई. तो बगतो. तुमी माणसाशी नीट बोला, तेवढंच तुमच्याकडं हाय.”
पन्नास वर्षं मी शिकवत आलो ते हिनं एका दमात. पिठाकडं गेली परत.

शुक्र., ७
शाळेवरून गेलो. सहामाहीनंतर वर्ग भरलेत. चौथीतली पोरं कविता म्हणत होती, चाल नाही, ठेका नाही, नुसता आरडाओरडा. कुंपणाशी थांबलो. नव्या बाईंनी आत बोलावलं, “गुरुजी, चाल सांगा ना.” सांगितली. एका पोराला सूर सापडेना, सगळे त्याच्याकडं बघून फिदीफिदी हसले. त्याला म्हणालो, तुझा आवाज जाड आहे, शेवटची ओळ तू एकट्यानं म्हण. म्हटली.
हजेरीत प्रितीचं नाव होतं. बाईंनी पुढं गैरहजेरी लावली होती. सलग.

रवि., ९
दुपारी फोन वाजला. कु. म्हातारीकडं गेलेली, म्हणून मी उचलला. मार्था.
“काकू हायत का?”
“नाही. मी आहे.”
मला वाटलं ठेवेल. ठेवला नाही. पाठीमागं बैलांची घुंगरं, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. सासूचं विचारलं, मी सांगितलं – जेवते, कालपासून खोकला आहे, गोळी दिली. खोकला लपवला नाही. सुधाकरच्या पोटरीला वाढं लागलं, सुजली आहे, पण कामावर गेला, असं तिनं सांगितलं.
“गुरुजी, प्रार्थना करता का? त्याच्या पायाची.”
तोंड उघडलं. काही आलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, “मार्था, मला भीतीनं सुचत नाही. तू कर. मी आमेन म्हणतो.”
मग तिनंच उघड्या फडात उभं राहून, मोठ्यानं –
“देवा बापा, मालकाचा पाय बरा कर. पोरांना सांभाळ. आत्याबाईचा खोकला काढ. आन् गुरुजी लई भ्यालेत, त्यांच्यावर हात ठिव. माज्यावर बी.”
आमेन म्हणायला मला वेळ लागला.
“बरं,” ती म्हणाली, “ठिवते आता, मोळ्या बांधायच्या राहिल्यात. प्रितीच्या शाळंचं मंग बगू.”
मग म्हणजे केव्हा. या महिन्यात, का पुढच्या वर्षी. मी न्यायला येऊ का. विचारायला तोंड उघडलं होतं.
मिटलं.