तलावात सोडलेल्या शिष्यवृत्तीची वसुली

प्रति,
मा. वसुली अधिकारी,
जिल्हा शिष्यवृत्ती वसुली कक्ष,
चंद्रपूर.

अर्जदार : कु. साधना मनसाराम पचारे, इयत्ता बारावी (विज्ञान), मु. चिखलबोडी, ता. नागभीड.

विषय : मला न मिळालेली शिष्यवृत्ती मी व्याजासह परत करावी, या आपल्या मागणीबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १८ जुलै २०२५.
२) नोटिशीला जोडलेला आपल्या निरीक्षकांचा पडताळणी अहवाल, दि. ११ मार्च २०२२.

महोदय,

आपल्या कार्यालयात वसुलीची रक्कम मासोळीच्या रूपात भरता येते काय? येत असल्यास रोहू चालेल, की कतलाच लागतो?

अर्जाची सुरुवात प्रश्नाने करू नये, असे आमच्या मराठीच्या मॅडम सांगतात. परंतु हर्षा आणि रिना या माझ्या मैत्रिणींचे म्हणणे पडले की हा प्रश्न सरकारी कागदावर लिहिण्याची माझी हिंमत नाही. "लिहून दाखव, नाई तं स्टँडवर दोघीले आलुबोंडा चारजो." आलुबोंडा वाचला आहे. प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो का पडला हे खालीलप्रमाणे सविनय सादर करते.

१) आपली नोटीस 'कुमार साधना मनसाराम पचारे, थकबाकीदार' या नावाने आली. आमच्या घरी साधना नावाचा कुमार नाही. पण बाकी पत्ता बरोबर असल्याने पोस्टमनभाऊंनी ती थेट तलावाच्या पाळीवर (बांधावर) आणून दिली, कारण त्या वेळी तिथल्या मोहाच्या झाडाखाली मच्छीमार संस्थेची बैठक सुरू होती व माझे बाबा संस्थेचे सचिव आहेत. संस्थेचे अध्यक्ष लटारूभाऊ यांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "काऊन गा मनसाराम, तुह्या पोट्टीनं कोणती बँक बुडवली?" लोक हसले. बाबा हसले नाहीत. घरी आईने विचारले, "मी लोकाइले काय सांगू? पोरगी शिकून राह्यली, का कर्ज करून राह्यली?"

२) नोटिशीनुसार माझ्याकडे पाचवी ते सातवी या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीचे रु. ३,०००/- आणि चार वर्षांचे व्याज रु. १,३८०/- निघतात. हरकत असल्यास १८ ऑगस्टला चंद्रपूरला सुनावणीस हजर राहावे, असेही तीत लिहिले आहे. ते भरेपर्यंत माझ्या यंदाच्या अर्जासमोर संगणकावर लाल अक्षरात 'वसुली प्रलंबित' असे येते. लाल अक्षर असलेल्या मुलीला नागभीडच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळत नाही. आमच्या गावाहून नागभीडला सकाळी एकच बस आहे आणि ती पोचते तेव्हा कॉलेजचे दोन तास होऊन गेलेले असतात. म्हणजे आपले लाल अक्षर म्हणजे माझी बारावी बंद, हे आपल्या निदर्शनास आणून देते.

३) बाबांनी यावर तोडगा काढला. त्यांनी स्वतःचा डोंगा (मासेमारीची लहान नाव) एका माणसाला विकण्याचे बोलणे केले आहे. मी भांडले तर म्हणाले, "सरकारी कागद हाय बाई, भरून मोकळं होऊ." डोंगा गेला की बाबा उद्यापासून दुसऱ्याच्या डोंग्यावर अर्ध्या वाट्याने जाणार. आपल्या नोटिशीत 'वसुलीचा परिणाम' असा रकाना नाही, म्हणून इथे लिहिले.

४) आता पैसे कुठे गेले ते सांगते. मी ते शोधून काढले आहेत. आपण शोधले असते तर आपल्यालाही सापडले असते.

आमच्या घरी खताच्या पोत्यातून काढलेली एक प्लास्टिकची पिशवी आहे. ती जाळ्याच्या खुंटीला टांगलेली असते. घरात जे जे भिजता कामा नये ते ते तिच्यात : रेशनकार्ड, तलावाच्या ठेक्याचे कागद, माझे पासबुक आणि संस्थेचेही पासबुक. दोन्ही पासबुके एकाच बँकेची, एकाच निळ्या रंगाची. मी आठवीत असताना, जुलै २०२१ मध्ये, गुरुजींनी तीन वर्षांच्या थकलेल्या शिष्यवृत्तीसाठी पासबुकाची झेरॉक्स मागितली. बाबा तलावावरून आले, ओल्या हातांनी पिशवीत हात घातला आणि वरचे पासबुक काढून दिले. वर संस्थेचे होते. गुरुजींनी आकडा पाहिला, नाव पाहिले नाही. आपल्या कार्यालयाने तर दोन्ही पाहिले नाहीत, असे दिसते.

५) ऑगस्टमध्ये संस्थेच्या खात्यावर तीन हजार रुपये आले. संस्था सहा वर्षांपासून मत्स्यबीजाच्या अनुदानासाठी अर्ज करत होती. त्यामुळे पैसे कशाचे, हे कोणी विचारलेच नाही. लटारूभाऊंनी पाळीवर नारळ फोडला. "सरकारले आपली याद आली बा!" असे ते तीन वेळा म्हणाले. त्या पैशांच्या पंधराशे बोटुकल्या (मासोळीची बोटाएवढी पिल्ले) विकत आणल्या, रोहू आणि कतला मिळून. पाण्याने व हवेने फुगवलेल्या पिशव्यांतून त्या आल्या. सचिवाची पोरगी म्हणून पहिली पिशवी सोडण्याचा मान मला दिला. अशा रीतीने मी स्वतःची शिष्यवृत्ती स्वतःच्या हाताने तलावात सोडली आणि टाळ्याही वाजवल्या.

६) पुढच्या होळीआधी मोठे जाळे टाकले. आमच्या गावची रीत अशी की जाळे ओढण्याच्या दिवशी पाळीवर जो उभा असेल त्याला वाटा द्यायचा. गावचा असो, परका असो, जाळ्याला हात लावलेला असो वा नसो. पाळीवरून रिकाम्या हाताने कोणाला पाठवत नाहीत. त्या दिवशी, ११ मार्च २०२२ रोजी, पाळीवर आपले निरीक्षकसाहेब उभे होते. ते लाभार्थी मुलींच्या पडताळणीसाठी आले होते व घरी कोणी न सापडल्याने गर्दीकडे आले. त्यांनी बाबांना विचारले, "मुलीला लाभ मिळाला का?" बाबांना वाटले, साहेब वाट्याचे विचारत आहेत. आमच्या घरचा वाटा आईने आत्ताच नेला होता. बाबा म्हणाले, "भेटला ना साहेब, भेटला. तुमचाई घेऊन जा." आणि त्यांनी दोन कतले पळसाच्या पानांत बांधून साहेबांच्या गाडीच्या डिक्कीत ठेवले. वजन सव्वादोन किलो. वजन मला पक्के आठवते, कारण तराजू मी धरला होता.

साहेबांचा अहवाल एका ओळीचा आहे : 'लाभार्थ्यास लाभ मिळाल्याची प्रत्यक्ष खात्री केली.'

खात्री प्रत्यक्ष होती, यात शंका नाही. ती डिक्कीत होती.

७) यानंतर तीन वर्षांनी आपले लेखापरीक्षण झाले. त्यात, नोटिशीतील शब्दांत, 'खातेदार ही विद्यार्थिनी नसून मच्छीमार सहकारी संस्था असल्याचे निष्पन्न झाले.' हे शोधून काढल्याबद्दल अभिनंदन. संस्थेत त्रेचाळीस सभासद आहेत, सगळ्यात लहान लटारूभाऊंचा पुतण्या, त्याला दोन लेकरे आहेत. त्यांपैकी कोणीही सातवीतली मुलगी नाही. पण पैसे संस्थेला मिळाले हे कळल्यावर आपण वसुली काढली ती माझ्यावर. याचे कारण मी तीनदा वाचूनही मला समजले नाही. हर्षाला समजले. ती म्हणते, "संस्थेचे त्रेचाळीस माणसं हायत ना बाई, तू एकटी हायस."

८) व्याजाबाबत : व्याजाची रक्कम मुद्दलाच्या जवळजवळ निम्मी आहे. चार वर्षे पाण्यात राहूनही आमच्या रोहूंनी एवढ्या शिस्तीने वजन घेतले नाही.

९) मूळ रकमेपैकी किती आज तलावात शिल्लक आहे, हे सांगता येत नाही. पहिल्या होळीला मोठ्या निघाल्या, त्या गावाने खाल्ल्या. मीही खाल्ल्या, माझ्या वाट्याला शेपटीकडचे दोन तुकडे आले होते, ते शिष्यवृत्तीतून वजा करावेत. ऑगस्ट २०२२ च्या पुरात सांडव्यावरून बऱ्याच वाहून गेल्या. नाल्याने त्या वैनगंगेला लागल्या असणार आणि आता पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात असतील, तेव्हा त्यांच्यापुरता तिकडच्या समकक्ष कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागेल. उरलेल्यांवर नोटीस बजावायची असल्यास पाळीवर मोहाचे झाड आहे, खोडाला चिकटवता येईल. आपण स्वतः येत्या होळीला जाळ्याच्या दिवशी पाळीवर येऊन उभे राहिलात तर रीतीप्रमाणे आपल्यालाही वाटा मिळेल. पावती मात्र मिळणार नाही. निरीक्षकसाहेबांनीही दिली नव्हती.

१०) इतके सगळे हसण्यासारखे असले तरी महोदय, पैसे सरकारचे होते व संस्थेने वापरले, हे आम्ही लपवत नाही. परवा मी पासबुक घेऊन बैठकीत गेले. त्या बैठकीत याआधी मुलगी बोललेली नाही. मी ऑगस्ट २०२१ ची नोंद बोट ठेवून दाखवली. लटारूभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "म्हंजे आमी पोरीची शाळा खाल्ली गा." या वेळी कोणी हसले नाही. संस्थेने त्याच ठिकाणी एकमताने ठराव केला की तीन हजार रुपये संस्था भरेल, दोन हप्त्यांत, पहिला हप्ता आताच. ठरावावर त्रेचाळीस सह्या व अंगठे आहेत.

११) सबब विनंती आहे की,

माझ्या नावासमोरचे लाल अक्षर वसतिगृहाच्या यादीची मुदत संपण्याआधी, म्हणजे २२ ऑगस्टपूर्वी, काढावे. वसुली संस्थेकडून, ठरावाप्रमाणे व विनाव्याज घ्यावी. आणि पाचवी ते सातवीची माझी शिष्यवृत्ती, जी मला आजपर्यंत एक रुपयाही मिळालेली नाही, ती माझ्या स्वतःच्या खात्यात जमा करावी. आपण जाड अक्षरात ज्याला 'थकबाकीदार' म्हणता तो या प्रकरणात कोण आहे, हे एकदा कागदपत्रे समोर ठेवून पाहावे. मला वाटते ते आपले कार्यालय आहे. व्याज मी मागत नाही. सव्वादोन किलो कतल्याचेही काही म्हणणे नाही, तो रीतीने दिलेला वाटा होता व आमच्याकडे दिलेला वाटा परत मागत नाहीत. ही रीत आपल्याकडेही सुरू करता येईल.

अर्जलेखनात मला सहामाहीत पाचपैकी साडेचार गुण होते. अर्धा गुण सोबतचे कागद न जोडल्याने कापला होता, म्हणून या वेळी सगळे जोडले आहेत.

उत्तराची वाट पाहणारी आणि अजूनपर्यंत नम्र असलेली,

(सही)
कु. साधना मनसाराम पचारे
चिखलबोडी, दि. ८ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. नोटिशीची झेरॉक्स ('कुमार' शब्दाखाली रेघ मारली आहे).
२. संस्थेच्या पासबुकाचे पान, ऑगस्ट २०२१.
३. माझ्या पासबुकाचे पान, ऑगस्ट २०२१ (कोरे).
४. संस्थेच्या ठरावाची प्रत.
५. पहिली पिशवी सोडतानाचा फोटो. फ्रॉकमधली मी. टाळ्या वाजवतानाचा फोटो नाही.

प्रत माहितीस्तव :
श्री. मनसाराम व सौ. प्रेमिला पचारे, अर्जदाराचे आई-बाबा, राहणार घरीच.

आई, बाबा, वरचं साहेबासाठी होतं. हे तुमच्यासाठी. डोंगा विकाचा नाई. त्या माणसाले मी आणि हर्षा काल सांगून आलो. रागवाचं असन तं सुनावणी झाल्यावर रागवा. १८ तारखेच्या सोमवारी चंद्रपूरले सुनावणी हाय, मी जाऊन राह्यली. बाबा, तुमी सोबत या. पण बोलीन मी. आणि खुंटीवरच्या पिशवीतून माह्यं पासबुक मी काढून घेतलं. आजपासून ते माह्या दप्तरात.