वॉर्डनची किल्ली

रविवार, संध्याकाळ

आज सुधीरनं वॉर्डन म्हणून पहिल्यांदा चर्च उघडलं. अकरा वर्षं ती किल्ली माझ्या खिशात होती. उपासनेआधी दार उघडायचं, घंटा वाजवायची, प्रभुभोजनाचा प्याला पुसून मांडायचा, म्हाताऱ्यांना पंख्याखाली बसवायचं, सगळं मीच. मागच्या महिन्यात मंडळीनं गारखेड्याच्या सुधीरला निवडलं. निवडू दे. मला काय त्याचं?

किल्ली देताना एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही. ते जुनं कुलूप सरळ उघडत नाही. दाराला गुडघा लावायचा, किल्ली जरा वर उचलायची, मग फिरवायची. पाळकसाहेब कौतुकानं म्हणायचे, "हे दार फक्त तुमचंच ऐकतं." म्हटलं, अडला की येईल मलाच बोलवायला. म्हणून आज लवकर जाऊन पायरीजवळ उभा राहिलो. लिहायला लाज वाटते, पण गुडघा तयार ठेवला होता.

सुधीर आला. "सलाम, काका" म्हणाला, किल्ली घातली आणि दोन बोटांनी फिरवली. दार उघडलं!

"कसं काय रे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"लई जाम होतं, काका. काल येऊन तेल सोडलं."

तेल. अकरा वर्षांत मला साधं तेल सुचलं नाही? का सुचूच दिलं नाही मी?

सगळे आत गेल्यावर मी दार ओढून घेतलं, गुडघा लावून बघितला. दाराला त्याची गरजच नव्हती.