शेवटच्या खुंटीची जागा

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, आधी व्यावसायिक फुटबॉल संघाचा बचावपटू आणि नंतर त्याच संघाचा सहायक प्रशिक्षक, मैदानावर 'हातोडा' या नावाने ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. रक्तदाब वाढलेला आहे, तो रागाचा आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. आजवर जबरदस्ती मीच करत आलो.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं. हंगाम संपला की पुढच्या हंगामापर्यंत दोन महिने मिळतात आणि तेवढ्यात संघ नव्याने बांधायचा असतो. कोण जाणार, कोण राहणार, कोणाला बाहेरून आणायचं, सगळं तेव्हाच ठरतं. चौदा वर्षं ही छाटणी मी केली. यंदा नवा व्यवस्थापक आला आणि त्याने पहिलं नाव माझंच कापलं. दोन ओळींचं पत्र होतं. मी त्याच्या खोलीत गेलो आणि खुर्ची उचलून त्याच्या काचेच्या टेबलात घातली. काचा उडून त्याच्या कपाळाला चार टाके पडले. शिपायाने मला मागून आवळून धरलं नसतं तर टाके वाढले असते. घरी आल्यावर मला दुसराच एक माणूस आठवला. तो पाचव्या कलमात येईल.

कलम एक. लेकीला बँकेतली ठेव आणि तिच्या आईचे दागिने द्यावेत. जावयाने त्यात नाक खुपसू नये. लग्नाच्या जेवणात त्याने मला विचारलं होतं, "मामा, तुम्ही खेळाडू होता की खाटीक?" मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवला होता. आज मला त्याचा प्रश्न बरोबर वाटतो, पण ठेव लेकीचीच.

कलम दोन. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझे शेवटच्या हंगामाचे बूट आहेत. ते कुठल्याही संग्रहालयाला देऊ नयेत. तळाचे खिळे मी कानशीने घासून धारदार केले होते. पंच तपासायला आला की वर चिखल थापायचा. बूट जाळावेत आणि खिळे चेचून भंगारात टाकावेत.

कलम तीन. बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडी फळी क्लबची आहे, ती परत करावी. तिला सव्वीस खुंट्या आहेत. हंगाम संपला की मोठे सर, म्हणजे माझ्या वेळचे मुख्य प्रशिक्षक, सगळ्यांच्या नावाच्या पट्ट्या काढून टोपलीत टाकायचे आणि मग एकेक पट्टी परत अडकवायची. पंचवीस पट्ट्या ते स्वतः अडकवत. सव्विसाव्या खुंटीसाठी मात्र दोन माणसं मागे ठेवत. मैदानाचं फाटक आतून बंद, बघायला कोणी नाही, शिट्टी नाही. चाळीस मिनिटं ते दोघे एकमेकांविरुद्ध खेळायचे आणि जो उभा राहील त्याची पट्टी लागायची. आम्ही याला खुंटीचा सामना म्हणायचो. पुढे छाटणी माझ्या हाती आली तेव्हा मीही तो सुरू ठेवला. माझ्या काळात एकाचा जबडा मोडला, एकाचा खांदा निखळला, एकाच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. मी बाकावर बसून घड्याळ बघत होतो. नव्या व्यवस्थापकाने आल्या आल्या हा सामना बंद केला. त्याचं कपाळ फोडलं असलं तरी हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

कलम चार. मोठे सर अजून जिवंत आहेत आणि त्यांची तब्येत ठणठणीत आहे, असं कळतं. माझ्या अंत्ययात्रेत त्यांना पाय ठेवू देऊ नये. आले तर मैदानाच्या माळीदादाने त्यांना फाटकाबाहेर काढावं. त्याच्या हातात तेवढी ताकद आहे आणि इच्छाही.

कलम पाच. माझं राहतं घर, तळमजल्याच्या दोन खोल्या, माझ्या मेहुण्याला, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीच्या धाकट्या भावाला द्यावं. घराला एकही पायरी नाही, आणि त्याच्या उजव्या पायाला पायऱ्या झेपत नाहीत.

तो पाय मी मोडला. सव्वीस वर्षांपूर्वी, खुंटीच्या सामन्यात. त्याला क्लबमध्ये मीच आणलं होतं. मी पस्तीस वर्षांचा, तो तेवीसचा, आणि टोपलीत दोनच पट्ट्या उरल्या: त्याची आणि माझी. मोठे सर मला बोळात गाठून म्हणाले, "तो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. चेंडूच्या मागे धावशील तर हरशील. कशाच्या मागे धावायचं ते तुला कळतं." मला कळलं. पस्तिसाव्या मिनिटाला त्याने मला चकवलं, चेंडू पुढे ढकलला आणि माझ्याकडे पाठ केली. मी दोन्ही पाय जोडून झेप घेतली. मला त्याचा पायच हवा होता आणि मी तो घेतला. नडगीचं हाड मोज्यातून बाहेर आलं. त्याने गवत मुठीत धरून उपटलं आणि विचारलं, "दाजी, चेंडू कुठं होता?"

"तुझ्या पायातच होता," मी म्हणालो. "सोडायला उशीर केलास."

चेंडू दहा पावलं पुढे गेला होता.

माझी पट्टी लागली. त्या मोसमात मी अकरा सामने खेळलो. तो वर्षभर खाटेवर होता आणि त्यानंतर त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानात कोणी पायाबद्दल विचारलं की तो सांगतो, "चूक माझीच. चेंडू धरून ठेवला." हे मी स्वतःच्या कानांनी दहा वेळा तरी ऐकलं आणि दहाही वेळा चहा पीत गप्प बसलो. मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते. पत्नीने मला कधी काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसानंतर, ती असेपर्यंत, तिने माझे बूट उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत.

कलम सहा. हे वाचून त्याने घराला आग लावली तरी लेकीने तक्रार करू नये.

सहीच्या वेळी घडलेली हकीकतही इथेच लिहितो, कारण कागद अर्धवट ठेवणं बरं नाही. आज सकाळी वकीलसाहेबांनी वरचा मजकूर मोठ्याने वाचला. ऐकायला डॉक्टरीणबाई आणि माळीदादा होते; साक्षीदार म्हणून तेच दोघे ठरले होते. मेहुण्याला मी मुद्दाम बोलावलं होतं. पाचवं कलम संपलं तेव्हा तो उठला, काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि मला ठोसा मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून आला. मी खाली पडलो, तर त्याने कॉलर धरून उठवलं आणि आणखी एक दिला. माळीदादा मध्ये पडला नाही. मीच त्याला हाताने थांब म्हणालो होतो.

"सव्वीस वर्षं मी माझ्याच पायाला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "आणि तू दुकानात बसून चहा प्यायचास!" आजवर त्याने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नाकात कापूस भरला. वकीलसाहेबांना कसंही करून काम उरकायचं होतं, म्हणून त्यांनी मला पेन दिलं आणि मी सर्वांसमोर सही केली. मग माळीदादाच्या आधी मेहुण्याने पेनासाठी हात पुढे केला.

"तुम्ही नाही," वकीलसाहेब घाईघाईने म्हणाले. "तुम्हाला घर मिळतंय. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत तर घर हातचं जाईल."

"जातं ना? मग आणा इकडे."

लेकीला एवढंच सांगणं की वकीलसाहेब नवा कागद करा म्हणतात. मी करणार नाही. कागदावरचे डाग माझ्या नाकाचे आहेत, ते पुसू नयेत.

ठिकाण: राहतं घर. दिवस: नव्या संघाचा सराव सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार.

लिहून देणार: हातोडा (सही)

साक्षीदार पहिला: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही). मजकूर माझ्यासमोर वाचला गेला. नाकाची पट्टी आठ दिवस काढू नये.

साक्षीदार दुसरा: मेहुणा, सायकल दुरुस्तीवाला (सही). याने सही माझ्यासमोर केली. पूर्ण शुद्धीवर होता. सव्वीस वर्षांपूर्वीही होता.